२५ फुटी बोटीचं पुढचं शीड: साइझ मोजून ठरवायची रीत, पायरी पायरीने

"जेनोआ १३५ घेऊ की १५०?" (जेनोआ म्हणजे डोलकाठीच्या मागेपर्यंत जाणारं मोठं पुढचं शीड, आकडे टक्क्यांचे) हा प्रश्न मला सीझन सुरू झाला की दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच आणि मी उलट विचारतो की बोटीचा 'जे' (पुढची तार ते डोलकाठी हे आडवं अंतर) किती, तर समोर शांतता. म्हणजे टक्के माहीत आहेत पण कशाचे टक्के ते माहीत नाही. इथेच घोडं पेंड खातं. टक्के ही साइझ नाहीच, ते गुणोत्तर आहे, आणि दुसऱ्याच्या बोटीचं गुणोत्तर आपल्या बोटीवर आणलं की काय होतं ते मी पैसे मोजून शिकलोय, खाली सांगतो.

हे सगळं २२ ते २८ फुटी, फर्लर (पुढचं शीड गुंडाळायचं यंत्र) असलेल्या, एक-दोन माणसांनी चालवायच्या क्रूझिंग बोटीसाठी आहे. रेसिंगवाल्यांनी आपला क्लासचा नियम बघावा. आकडे माझ्या २५ फुटी बोटीचे आहेत, रीत मात्र कुठल्याही बोटीला चालेल. फक्त क्रम बदलू नका. लोक पायरी ८ पासून सुरू करतात, म्हणजे आधी शीड बघतात, आवडलं की घेतात आणि मग बोटीवर कुठे बसतं ते शोधत बसतात.

पायरी १: मोजपट्टीच्या आधी वारा लिहून काढा

एक साधी वही घ्या. चार-पाच वेळा बाहेर जाल तेव्हा चार गोष्टी लिहा: किती वाजता, वारा कुठून आणि किती नॉट (ताशी सागरी मैल), तुम्ही वाऱ्याच्या तोंडावर चालला होता की वारा बाजूने-मागून होता, आणि बोट किती कलली होती. विंडीसारखं ॲप बघा हवं तर, पण ॲपवर सरासरी आणि झोत वेगवेगळे दाखवतात, तुम्ही दोन्ही लिहा.

मुंबईत सीझन ऑक्टोबर ते मे. सकाळी मतलई वारा, जमिनीवरून, ईशान्येकडून, बहुतेक वेळा ५-७ नॉट आणि तोही मरतमरत. अकरा-बाराच्या सुमारास सगळं ठप्प होतं. मग दुपारी खारा वारा वायव्येकडून उठतो, १० ते १५ नॉट, आणि फेब्रुवारीनंतर संध्याकाळी चारला १८ दिसले तरी नवल नाही.

आता नकाशा काढा. गेटवेवरून मांडवा जवळजवळ दक्षिणेला, जरासं पूर्वेकडे, सात-आठ सागरी मैल. सकाळी जाताना ईशान्येचा वारा बाजूने आणि थोडा मागून, बोट आरामात जाते, शीड कुठलंही असो. परत येताना तुम्हाला जायचंय उत्तर-वायव्येला आणि वारा येतोय वायव्येकडून. म्हणजे अख्खा परतीचा रस्ता टॅक मारत, म्हणजे नागमोडी, यायचा, दिवसातल्या सगळ्यात जोरदार वाऱ्यात, दमलेली माणसं घेऊन, आणि ओहोटी लागली असेल तर प्रवाहाच्या विरुद्ध.

माझं म्हणणं सरळ आहे. शीड या परतीच्या वाऱ्यासाठी घ्यायचं, सकाळच्या वाऱ्यासाठी नाही. सकाळी कमी पडलं तर इंजिन आहे. दुपारी चारला जास्त झालेलं शीड कुठे ठेवणार?

गोव्यात आग्वादच्या बाहेर दुपारचा प्रकार साधारण असाच असतो. पण तुम्ही सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये राहत असाल तर उन्हाळ्यात दुपारी २०-२५ नॉट रोजचेच, तिथे १०० टक्क्यांच्या वर जायचं कारणच नाही. उलट चेसापीक बेमध्ये उन्हाळा इतका मंद की तिथले लोक १४०-१५० लावून बसतात आणि ते बरोबरच करतात. म्हणून तिकडच्या मित्राचा सल्ला इकडे चालत नाही आणि इकडचा तिकडे नाही.

चेक: वहीत "वाऱ्याच्या तोंडावर" असं लिहिलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळा आलेला वारा गोल करा. माझा आकडा १४ नॉट आला.

एक गोष्ट विसरू नका. बोट ५ नॉटने वाऱ्यावर चढत (वाऱ्याच्या तोंडावर जात) असेल तर १४ नॉटचा खरा वारा शिडाला जवळपास १८ नॉटचा लागतो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, १० चे १४ झाले की दाब दुप्पट. "दोन-चार नॉटच तर वाढलेत" हे वाक्य बोटीवर कधी म्हणू नका.

पायरी २: मोजायची तयारी

लागणारं सामान फार नाही: ३० मीटरची कापडी किंवा फायबरची टेप (स्टीलची नको, वर वाऱ्यात फडफडते आणि मुडपते), १५-२० मीटर बारीक दोरी, इन्सुलेशन टेप, मार्कर, वही. आणि एक माणूस, कारण एकट्याने हे होत नाही, मी करून बघितलंय.

वेळ सकाळी लवकरची, वारा नसताना आणि पाणी स्थिर असताना, म्हणजे भरती किंवा ओहोटी संपत आली असताना. मूरिंगवर (पाण्यात बोट बांधून ठेवायच्या जागी) बोट डुलत असली की टेप दहा-दहा सेंटिमीटर खोटं बोलते.

मोजायच्या आधी बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) नेहमी चालवताना ठेवता तितका ताणा. सैल बॅकस्टेवर मोजलं की फॉरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) पोट काढतो आणि लफचं (शिडाच्या पुढच्या कडेचं) माप चुकतं.

सावध: टेप हॅलयार्डला (शीड वर चढवायच्या दोरीला) बांधून वर चढवण्याआधी टेपच्या त्याच टोकाला खाली ओढायची बारीक दोरी बांधा. हे विसरलात तर टेप डोलकाठीच्या टोकावर, हॅलयार्डही तिथेच, आणि मग कुणालातरी खुर्चीत बसवून वर चढवावं लागतं. हसू नका, दर सीझनला कुणाचं तरी होतंच.

पायरी ३: तीन मापं, यांच्याशिवाय पुढे जायचं नाही

१. जे: फॉरस्टे डेकला जिथे भेटतो तिथून डोलकाठीच्या पुढच्या अंगापर्यंत आडवं, सरळ अंतर. टेप डेकच्या उतारावर टाकू नका, ताणून आडवी धरा. माझं ३.०० मीटर.

२. आय: फॉरस्टे वर डोलकाठीला जिथे लागतो तिथून खाली डेकच्या पातळीपर्यंत उभं अंतर. केबिनच्या छपरापर्यंत नाही! डोलकाठी छपरावर उभी असेल तर छप्पर ते बाजूचा डेक हे अंतर वेगळं मोजून त्यात मिळवा. माझं ९.०० मीटर.

३. जास्तीत जास्त लफ: हे फॉरस्टेची लांबी नव्हे. फर्लरच्या ड्रमवर टॅक (शिडाचा पुढचा खालचा कोपरा) जिथे अडकतो त्या शॅकलपासून (कडीपासून), वरचा स्विव्हल (फिरता तुकडा) पूर्ण वर नेल्यावर हेड (शिडाचं वरचं टोक) जिथे अडकतं त्या शॅकलपर्यंत. स्विव्हललाच टेप बांधा आणि चढवा. माझ्या बोटीचा फॉरस्टे कागदावर साडेनऊ मीटरच्या जवळ येतो, पण ड्रम, स्विव्हल, वरची मोकळी जागा वजा जाता शिडाला मिळतात फक्त ८.८० मीटर. सत्तर सेंटिमीटरचा फरक! यातूनही डेक्रॉन (शिडाचं पॉलिस्टर कापड) हॅलयार्डवर ताणलं की थोडं वाढतं, त्याची सूट शीड शिवणारा ठेवतो, तुम्ही स्वतः अजून वजाबाकी करू नका, नाहीतर दोनदा वजा होते. फक्त "हे शॅकल ते शॅकल माप आहे" एवढं स्पष्ट लिहा.

चेक: प्रत्येक माप दोनदा घ्या, दुसऱ्यांदा टेप दुसऱ्या माणसाच्या हातात देऊन. २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. इंटरनेटवर तुमच्या मॉडेलची आय आणि जे मापं मिळतील, ती पडताळणीला वापरा, पण जुन्या बोटीवर आधीच्या मालकाने फॉरस्टेची फिटिंग हलवलेली असू शकते, त्यामुळे ऑर्डर नेहमी स्वतःच्या टेपवरच.

पायरी ४: आत्ताचं शीड जमिनीवर पसरून एलपी मोजा

एलपी म्हणजे क्ल्यूपासून (शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापासून) लफवर काटकोनात जाणारी सगळ्यात छोटी रेघ. टक्के म्हणजे एलपी भागिले जे, गुणिले शंभर. बस, एवढंच आहे ते.

शीड सोसायटीच्या गच्चीवर पसरा (आधी झाडून घ्या, वाळूचे कण शिलाईत जातात), लफ सरळ ताणा, हवं तर दोन्ही टोकांना पाण्याचे कॅन ठेवा. टेपचं शून्य क्ल्यूच्या रिंगवर धरा आणि दुसरं टोक लफवर वरखाली फिरवत न्या. आकडा कमी कमी होत जाईल आणि मग परत वाढायला लागेल. सगळ्यात कमी आला तो एलपी.

चूक क्रमांक एक, आणि नव्वद टक्के लोक हीच करतात: फुट मोजतात. फुट म्हणजे खालची कड, टॅक ते क्ल्यू. ती एलपीपेक्षा लांबच असते. फुट मोजून टक्के काढले की शीड आहे त्यापेक्षा मोठं वाटतं, मग नवं मागवताना सगळाच हिशोब घसरतो.

चूक क्रमांक दोन माझी स्वतःची. बाहेरून एक वापरलेलं शीड आलं होतं, बॅगेवर मोठ्या अक्षरात १३५%. लफ माझ्या फर्लरला बरोब्बर बसणारा, कापड चांगलं, किंमत परवडणारी, मी खुश. घेतलं. पहिल्याच दुपारी रेवसच्या बाजूने येताना बोट अशी कलली की केबिनमधला डबा, चहाचा थर्मास, सगळं एका कोपऱ्यात जमा झालं. घरी येऊन गच्चीवर पसरलं तर एलपी ४.५९ मीटर. ज्या बोटीचं ते शीड होतं तिचा जे होता ३.४० मीटर, म्हणजे तिच्यावर ते १३५ टक्के खरंच होतं. माझ्या ३ मीटरच्या जेवर तेच शीड १५३ टक्के! विकणारा खोटं बोलला नव्हता, मीच विचारलं नव्हतं.

सावध: वापरलेलं शीड घेताना विचारायचं ते तीनच आकडे: लफ, एलपी, लीच (मागची कड), तिन्ही मीटरमध्ये. टक्के सांगितले तर थँक्यू म्हणा आणि परत मीटर विचारा.

पायरी ५: टक्क्यांचे चौरस मीटर करा

हिशोब सोपा आहे: लफ गुणिले एलपी, भागिले दोन. कडा वक्र असतात त्यामुळे थोडं इकडे तिकडे होतं, पण तुलना करायला हे पुरतं. ८.८० मीटर लफ धरून माझ्या बोटीचं असं आलं:

१५३%: एलपी ४.५९ मीटर, २०.२ चौरस मीटर
१३५%: एलपी ४.०५, १७.८
११५%: एलपी ३.४५, १५.२
१००%: एलपी ३.००, १३.२
९०%: एलपी २.७०, ११.९

वहीच्या एका पानावर हे स्वतःच्या आकड्यांनी लिहा. आता पायरी १ मधला गोल केलेला वारा बाजूला ठेवा आणि आठवा की त्या वाऱ्यात आत्ताच्या शिडाने बोट किती कलत होती. क्रूझिंग बोट २०-२२ अंशांच्या पुढे कलली की वेग वाढत नाही, नुसती बाजूला घसरते आणि सुकाणू हातात जड होतं, टिलर (सुकाणूचा दांडा) ओढून धरायला लागतं. तुम्ही म्हणाल बोट वाऱ्यात वळायला बघते म्हणजे मेनसेल (डोलकाठीमागचं मुख्य शीड) जास्त झालं. असेलही, पण कलल्यामुळेही तेच होतं, आणि कलवणाऱ्यात पुढच्या मोठ्या शिडाचा वाटा भरपूर असतो.

इथे तुमच्या बोटीची ठेवण बघा. फॉरस्टे डोलकाठीच्या अगदी टोकापर्यंत जात असेल तर बोटीची ताकद पुढच्या शिडातच आहे, मेनसेल तसं बारीक असतं, अशा बोटीला फार छोटी जिब (छोटं पुढचं शीड) लावली तर हलक्या वाऱ्यात ती जागची हलत नाही. फॉरस्टे टोकाच्या खाली लागत असेल आणि मेनसेल मोठं असेल, तर ९५-१०५ टक्के पुष्कळ होतं. माझी बोट पहिल्या प्रकारातली.

शंभर टक्के म्हणजे शीड डोलकाठीपाशी संपतं, असा अजून एक समज आहे. तसं नाही. एलपी लफला काटकोनात मोजतो आणि लफ तिरका असतो, त्यामुळे क्ल्यू खाली असलेलं १०० टक्क्यांचं शीड डोलकाठीच्या थोडं मागे जातंच. डोलकाठीला अजिबात न घासणारं हवं असेल तर ९०-९५ च्या आसपास बघा.

पायरी ६: गुंडाळून किती उरतं ते खरं खरं बघा

"मोठाच घे रे, फर्लर आहे ना, जास्त झालं की गुंडाळ." हा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि सगळ्यात महागात पडतो.

फर्लर शीड लफला समांतर गुंडाळतो. उरतो तो मूळ त्रिकोणासारखाच, पण छोटा त्रिकोण, क्ल्यूच्या बाजूचा. त्याचं हेडही खाली आलेलं असतं आणि खालचं टोकही वर गेलेलं असतं. म्हणजे एलपी पाऊण राहिला की क्षेत्रफळ पाऊण राहत नाही, पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे निम्म्याच्या जरा वर राहतं. माझं १५३ टक्क्यांचं शीड एलपी ११५ टक्क्यांइतका होईपर्यंत गुंडाळलं तर उरतात ११.४ चौरस मीटर. खरं ११५ टक्क्यांचं शीड १५.२ चं. नावाला दोन्ही ११५!

शिवाय गुंडाळताना लफजवळ मधला भाग पुरेसा घट्ट बसत नाही, शिडाला पोट सुटतं, आणि जोरदार वाऱ्यात वर चढायचं असताना आपल्याला नेमकं सपाट शीड हवं असतं. लफमध्ये फोमची पट्टी शिवून घेतली तर बरंच सुधारतं. तरीही एलपीच्या पाव भागापेक्षा जास्त गुंडाळून वाऱ्यावर चढायची अपेक्षा ठेवू नका, त्यापुढे ते फक्त बोट सांभाळण्यापुरतं.

म्हणून नियम: परतीच्या नेहमीच्या वाऱ्यात शीड पूर्ण उघडं चाललं पाहिजे. गुंडाळणं हे त्याच्या वरच्या ४-५ नॉटसाठी. रोज गुंडाळूनच चालवावं लागतंय याचा अर्थ शीड मोठं आहे, तुम्ही घाबरट नाही.

पायरी ७: ऑर्डरच्या आधी जुन्या शिडावर ट्रायल

ही पायरी कुणी करत नाही आणि ही फुकट आहे.

समजा माझं १५३ चं (२०.२ चौरस मीटर) आहे आणि ११५ चं (१५.२) घ्यावं का हे बघायचंय. १५.२ भागिले २०.२, त्याचं वर्गमूळ, ०.८७. म्हणजे एलपी ४.५९ चा ३.९८ होईपर्यंत गुंडाळायचं, साधारण ६० सेंटिमीटर. गच्चीवर शीड पसरलेलं असतानाच लफला समांतर ६० सेंटिमीटरवर फुटावर आणि वर लीचवर मार्करने छोट्या रेघा मारून घ्या. बोटीवर खालची रेघ ड्रमवर येईपर्यंत गुंडाळा, फर्लरची दोरी क्लीटला पक्की करा, आणि जिबशीटची (पुढचं शीड ओढायच्या दोरीची) कार, म्हणजे ट्रॅकवर सरकणारी कप्पी, पुढे सरकवा. कार जुन्या जागी ठेवली तर ट्रायल खोटी, कारण गुंडाळल्यावर क्ल्यू पुढे आणि वर जातो.

असे दोन शनिवार-रविवार पूर्ण दिवस चालवा, सकाळची मंदीही बघा आणि दुपारचा जोरही. पोटामुळे हे शीड खऱ्या ११५ पेक्षा जरा वाईटच चालेल, तेवढी सूट द्या.

चेक, हे तीन प्रश्न ट्रायलच्या दिवशीच लिहून उत्तरं द्या, आठवड्याने नाही:

दुपारी कललेली बोट २२ अंशांच्या आत राहिली का? टिलर दोन बोटांनी नाही तरी एका हाताने सहज धरता आली का? आणि सकाळी इंजिन किती वेळ जास्त लागलं?

माझं सकाळचं इंजिन साधारण अर्धा तास वाढलं. दुपारचं टॅक मारणं मात्र इतकं सुटसुटीत झालं की बायकोने स्वतःहून विंच (दोरी ओढायचा रहाट) हातात घेतला. ११५ ठरलं ते तिथेच.

सावध: पुढचं शीड कमी केलं आणि मेनसेल पूर्ण ठेवलं की दाबाचा मध्य मागे सरकतो आणि बोट वाऱ्यात वळायला जास्तच ओढते. लगेच "छोटं शीड वाईट" असा निकाल देऊ नका. मेनसेलची पहिली रीफ घेऊन (म्हणजे ते एक टप्पा छोटं करून) परत बघा.

पायरी ८: बोटीवर ते बसतंय का

आकडा आला. आता बोटीवर त्याला जागा आहे का ते बघायचं.

जिबशीटची जागा: लफवर खालून साधारण ४०-५० टक्के उंचीवर एक बिंदू धरा, तिथून क्ल्यूमधून जाणारी रेघ डेकवर जिथे पोचते तिथे कार असली पाहिजे. हे कागदावर स्केलमध्ये काढता येतं. माझा जुना ट्रॅक १५० टक्केवाल्यासाठी लावलेला, अगदी मागे, ११५ ची रेघ ट्रॅकच्या पुढच्या टोकाच्या चाळीस सेंटिमीटर पुढे पडत होती. म्हणजे शिडाच्या खर्चात नवा ट्रॅक, खाली बॅकिंग प्लेट आणि सीलंट धरावं लागलं. लोक हे विसरतात, शीड येतं आणि मग कार कुठेच नसते.

आत-बाहेरचा कोन: टॅकपासून कारपर्यंतची रेघ बोटीच्या मधल्या रेघेशी १०-१२ अंशांचा कोन करत असेल तर क्रूझिंग बोट छान चढते. टॅकपासून मागे ३ मीटरवर हे मधल्या रेघेपासून ५३ ते ६४ सेंटिमीटर येतं. मोठा जेनोआ श्राउडच्या (डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या) तारांच्या बाहेरून जातो, त्यामुळे तारा जिथे आहेत त्यापेक्षा आत ओढताच येत नाही. बुटकं, छोटं शीड तारांच्या आतून जातं आणि कधीकधी मोठ्यापेक्षा वाऱ्यावर जास्त चढतं. मला हे आधी पटत नव्हतं.

दिसणं: मुंबई हार्बरमध्ये फेरी, लॉंच, नांगरलेली जहाजं, मच्छीमारांच्या होड्या आणि जाळ्यांचे बोये, सगळं एकाच वेळी. फुट डेकला घासणारं मोठं शीड लावलं की समोरचा दामणाकडचा (वारा जातो त्या बाजूचा) पाव भाग आंधळा. क्ल्यू वर कापून घ्या, फुट पुढच्या रेलिंगच्या वरून जाईल इतकी. क्षेत्रफळ थोडं जातं, जाऊ द्या. खाली वाकून बघायला एक माणूस बसवायचा, तो फोनमध्ये बघणार, यापेक्षा हे बरं.

वरची हॅलयार्ड: लफ कमी असलेलं शीड लावलं की स्विव्हल खालीच राहतो, हॅलयार्ड फॉरस्टेला समांतर होतो आणि गुंडाळताना त्याच्याभोवती पिळला जातो. मग फर्लर अडकतो, बहुतेक वेळा नको त्या वाऱ्यात. जोर लावून विंचने फिरवू नका, फॉइल (फॉरस्टेवरची खाचेची नळी) वाकतं. उपाय सोपा, हेड आणि स्विव्हलच्या मध्ये कमी पडतं तेवढ्या लांबीचा डायनीमाचा (न ताणणाऱ्या दोरीचा) तुकडा लावा म्हणजे स्विव्हल त्याच्या जागी वर जातो. वापरलेलं शीड घेणाऱ्यांनी हे आधीच मोजून ठेवा.

पायरी ९: ऑर्डर लिहून द्या, फोनवर नाही

शीड शिवणाऱ्याला एका कागदावर हे सगळं द्या: आय, जे, शॅकल ते शॅकल लफ, एलपी मीटरमध्ये (टक्के कंसात सुद्धा लिहू नका), क्ल्यूची उंची डेकपासून, फर्लरचं मॉडेल आणि फॉइलच्या खाचेत जाणारी लफ टेप (लफवर शिवलेली पट्टी) किती जाडीची. शेवटचं चुकलं तर नवं कोरं शीड खाचेत जातच नाही किंवा वाऱ्यात बाहेर येतं. जुन्या शिडाच्या लफ टेपचा दहा सेंटिमीटर तुकडा नमुना म्हणून दिलात तर उत्तम.

कापड साधं क्रॉस-कट (आडव्या पट्ट्यांचं) डेक्रॉन. २५ फुटी बोटीच्या ११५ टक्केवाल्याला ६ औंसाच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला साधारण २५० ग्रॅम. हलकं कापड सकाळी छान भरतं आणि दुपारी ताणून बिघडतं.

उन्हाची पट्टी लीच आणि फुटावर हवीच, आपल्याकडे शीड आठ महिने उन्हात गुंडाळून पडलेलं असतं. ती कुठल्या बाजूला शिवायची हे फर्लर कुठल्या दिशेने फिरतो त्यावर ठरतं. फोटो काढा, बाण काढा, पाठवा. उलट्या बाजूला पट्टी शिवून आलेलं शीड मी बघितलंय, गुंडाळल्यावर पट्टी आत सुरक्षित आणि पांढरं कापड बाहेर भाजतंय.

फुटावर गुंडाळायच्या दोन खुणा मागा, एलपी ८७ टक्के आणि ७५ टक्के उरेल तिथे.

पायरी १०: शीड आल्यावर पहिल्या दिवशी

बॅग उघडून थेट चढवू नका. गच्चीवर परत पसरा आणि एलपी, लफ मोजा. चुकलं असेल तर एकदाही न चढवलेलं शीड परत देणं सोपं जातं.

मग मूरिंगवर, वारा नसताना चढवा. हेड वर गेल्यावर स्विव्हल फॉइलच्या टोकाला धडकत नाही ना, पूर्ण उघडून-गुंडाळून तीनदा बघा. गुंडाळल्यावर जिबशीटचे दोन-तीन वेढे वर बसतील इतकी फर्लरची दोरी ड्रमवर शिल्लक असली पाहिजे, नाहीतर क्ल्यूचा कोपरा बाहेर फडफडत राहतो आणि एका जोराच्या रात्री सगळं उघडतं.

पहिल्यांदा ८-१० नॉटमध्ये चालवा. लफवर वर, मध्ये, खाली लोकरीचे धागे लावलेले असतील, नसतील तर लावा. हळूहळू वाऱ्यात वळा. वरचा धागा आधी फडफडला तर कार पुढे, खालचा आधी फडफडला तर कार मागे. तिन्ही एकदम उचलले की ट्रॅकवर मार्करने खूण करा, "पूर्ण" असं लिहा. मग पहिल्या खुणेपर्यंत गुंडाळा, कार पुढे घ्या, परत तेच, दुसरी खूण. या दोन खुणा असल्या की अंधारात, दमलेल्या अवस्थेत सुद्धा कार बरोबर जागी जाते.

आणि मे संपायच्या आत शीड खाली काढा, नळाच्या गोड्या पाण्याने दोन्ही बाजूंनी धुवा, सावलीत पूर्ण सुकवा आणि मगच घडी. ओलसर घडी जूनमध्ये कपाटात गेली तर सप्टेंबरला काळ्या ठिपक्यांचं शीड बाहेर येतं, आणि बॅग जमिनीवर ठेवलीत तर उंदीर सगळ्यात आधी लफमधला फोम शोधतात.